खुराड्याच्या दाराची बिजागरी

“खोड ते. आधी खोड, मग फुडचं इचार.”

“अगं आक्का, वाईट काय लिवलंय त्यात? तुझ्या बाची तारीफच केलीया की.”

“म्हणूनच तर खोड म्हणते.”

एवढं बोलून ओटिलिया म्हातारीनं पायाशी पालथी पडलेली शेणवीट उचलली आणि वाळायला कडेवर उभी केली. समोर पालथ्या बादलीवर बसलेला राइनहोल्ड वहीत बोट घालून तिच्याकडं बघत राहिला. तो तिचा सख्खा चुलतभाऊ. बासष्टीला आलेला, अंगात इस्त्रीचा सदरा, पायात चकचकीत बूट. कॅलिफोर्नियात त्याची द्राक्षाची बाग. तिकडून चार दिवस मोटार हाकत तो आमच्या डकोटाच्या माळावर आला होता, कारण त्याला घराण्याची वंशावळ लिहायची होती. आज इथं, उद्या प्रार्थनेला देवळात, परवा माघारी.

ओटिलियाची चौऱ्याहत्तरी उलटली होती. एकोणीसशे बावन्न सालचा जुलै चालला होता. घरोघरी गॅसच्या शेगड्या आल्या होत्या, तारेवरनं वीज आली होती. तरी ही बाई दर उन्हाळ्याला गोठ्यातलं शेण अन् भुसकाट अंगणात हातभर जाड पसरायची, पाणी मारायची आणि तुडवून घ्यायची. पूर्वी घोडे फिरायचे, आता नातू ट्रॅक्टर फिरवायचा आणि हसायचा. मग कुदळीच्या पात्यासारखं चपटं फावडं घेऊन ती स्वतः विटा कापायची. कापल्यावर एकदा उलटायची, दुसऱ्यांदा उलटायची आणि तिसऱ्यांदा प्रत्येक विटेच्या पोटात बोट खुपसून बघायची. मगच विटांचा हुडवा रचायचा, मधे वारं खेळेल असा पोकळ.

“पावाची भट्टी ह्यावरच नीट तापती,” असं ती सांगायची. सून आल्मा म्हणायची, “पाव गॅसवर पण फुगतो, सासूबाई. पावण्यारावळ्यांत लाज वाटती मला ह्या शेणाची.”

“तुला वाटू दे. वाटलेली बरी असती,” एवढंच म्हातारी म्हणायची.

सकाळपासून चुलतबहीण-भावाचं झकास जमलं होतं. दोघांच्या मधे सूर्यफुलाच्या बियांचा वाडगा. दोघंही बी तोंडात टाकायची, दातानं फोडायची आणि फोलपट ओठाच्या कोपऱ्यातून सोडायची. राइनहोल्डनं तीस वर्षं द्राक्षं पिकवली, पण ही कला विसरला नव्हता.

“आज्याचं नाव?”

“गेओर्ग. लोहार. ओडेसाच्या अंगाला आपलं गाव होतं, तिथं त्येचं दुकान. हात येवढाल्ला, जिवणी येवढीशी. दिवसाला चार शबुद बोलायचा. त्यातलं तीन घोड्याशी.”

राइनहोल्ड हसला, लिहून घेतलं. “आन् इकडं का आली मंडळी?”

“झारच्या पलटणीत पोरं द्यायची वेळ आली म्हणून. आज्या म्हणला, जर्मन म्हणून जमीन कसाय बोलावलं आन् रशियन म्हणून लढाईत मराय न्यायला लागलं, हे काय खरं न्हाई. त्यो ऱ्हायला. माझा बा क्रिस्टियान आन् तुझा बा गॉटलीब, दोघं भाऊ बायकापोरं घेऊन निघाले. शहाऐंशी साली. तवा मी आठ वर्साची. तू तर कुणाच्या ध्यानीमनी बी नव्हतास.”

“मग लिडिया?”

बी फोडता फोडता म्हातारीचे दात थांबले. “लिडिया तुझी थोरली भन. तवा तीन वर्साची. आगबोटीत माझ्याच मांडीवर असायची. माझी येणी तोंडात घालायची.”

लिडिया दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात घसा धरून गेली. चार वर्षांची. राइनहोल्ड तिच्यानंतर तीन वर्षांनी जन्मला. एवढं त्याच्या वहीत आधीच होतं. मोटारीच्या मागच्या बैठकीवर घोंगडीत गुंडाळलेला दगड होता. पाट्याएवढा, गुळगुळीत, त्यावर तिचं नाव आणि दोन सालं कोरलेली. आईला मरताना दिलेला शब्द होता तो. आई जाऊन अकरा वर्षं झाली, शब्द तसाच राहिलेला. पण दगड लावायचा कुठं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. क्रिस्टियानच्या वाट्याच्या टेकडीवर लिडियाला पुरलं, एवढं खरं. टेकडी सगळी दगडांची आणि उंदरांच्या बिळांची. खुणेची फळी पहिल्याच हिवाळ्यात वादळानं उडवून नेली, असं घरात सांगत आलेले.

“जागा न्हाई घावली तर देवळाच्या आवारात लावीन,” राइनहोल्ड म्हणाला. “पर आईचं मन तिथं नव्हतं. ती म्हणायची, माझी पोर एकटी हाय टेकडीवर, तिला तिथंच भेटा.” मग त्यानं पान उलटलं. “बरं, अजून एक. आज्याच्या हातचं काय ऱ्हायलंय का इकडं कुणाकडं? मी धा घरं हिंडलो. आई सांगायची, त्येच्या हातच्या बिजागऱ्या वळखू यायच्या. टोकाला ट्युलिपचं फूल ठोकायचा. रशियातनं जी पेटी आणली तिला तसल्याच दोन होत्या.”

त्याच वेळी आल्मा अंडी गोळा करायला खुराड्यात गेली. दार करकरलं. कर्र, मग एक हिसका, मग पुन्हा कर्र. रोजचा आवाज. पण म्हातारीच्या हातातली वीट निसटली आणि तिचे दोन तुकडे झाले.

राइनहोल्ड बिचारा वहीतच बघत होता. म्हणाला, “बरं ते ऱ्हाऊ दे. हे बग, लिडिया गेली त्या हिवाळ्याचं मी असं लिवलंय,” आणि वाचायला लागला. ‘क्रिस्टियानकाकांनी सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या वादळात तीन दिवस चूल विझू दिली नाही. आपल्या तान्ह्या यूलियसला मरणाच्या दारातून ओढून आणलं. अशा माणसांच्या हिमतीवर आपलं घराणं उभं आहे.’

तेव्हाच ओटिलिया म्हणाली होती, खोड ते.

आता तिनं तुटलेल्या विटेचे तुकडे उचलले, आतला ओला भाग बोटानं चाचपला आणि ते तुकडे हातात धरूनच बादलीशेजारी जमिनीवर बसली. सून लांबून ओरडली, “सासूबाई, खाली नका बसू, उठायला दोघं लागत्यात!” म्हातारीनं मान हलवली नाही.

“राइनहोल्ड, चूल विझलीच हुती.”

“म्हंजे?”

“ऐक आता. मधी बोलू नगंस, नायतर मी परत गप बसंन, आन् चौसष्ट वर्सं गप बसलीया मी.”

आणि तिनं सांगितलं.

माळावर झाड नव्हतं. एकसुद्धा नाही. चुलीत घालायचं ते शेणच, नाहीतर पिळा घातलेलं गवत. पहिल्या वर्षी जनावरंच नव्हती तर शेण कुठलं. दुसऱ्या उन्हाळ्यात बापानं दोन बैलांच्या आणि एका गाईच्या शेणावर हिवाळ्याच्या विटा कापल्या. त्याला नांगरट होती, आईच्या पोटात यूलियस होता. विटा उलटायचं आणि रचायचं काम नऊ वर्षांच्या ओटिलियाकडं आलं. बापानं सांगितलं होतं, “दोनदा उलट. मधनं पोकळ रच. बोट घालून बग.”

“खालच्या वढ्याला रानप्लम पिकली हुती,” म्हातारी म्हणाली. “मी एक बाजू उलटली, दुसरी न्हाई. म्हटलं वरनं तर वाळलीया. ओल्यावर ओली घट्ट रचली आन् प्लम खायला पळाली. बानं इचारलं, उलटल्या? म्हटलं, व्हय. बोट घातलंस? घातलं. त्येनं माझ्या डोक्यावरनं हात फिरवला. म्हणला, माझी कामाची पोर.”

राइनहोल्डनं वहीतलं बोट काढलं. वही मिटलेली होती.

“ऑक्टोबरात लिडिया गेली. लाकूड कुठलं आणायचं? गॉटलीबकाकानं रशियाची पेटी मोडली. खालच्या फळ्यांची तिला पुरायची पेटी झाली. झाकाण उरलं. ते त्यानं उभं डोक्याशी पुरलं. तापलेल्या खिळ्यानं नाव डागलं. बिजागऱ्या काढल्या न्हाईत, म्हणला आज्याच्या हातची फुलं हायती, पोरीच्या डोक्याशी ऱ्हाऊ द्यात. मग काका-काकू दोघं तिच्या भावाकडं हिवाळ्याला गेली, चाळीस मैलावर. तुझ्या आईला, सालोमेकाकूला, त्या घरात झोप लागंना. जाताना माझ्या बाला म्हणली, भावजी, तिच्याकडं लक्ष ठेवा. बा म्हणला, माझी लेक समजून ठेवतो.”

फेब्रुवारीत वादळ आलं. हुडव्याच्या वरच्या विटा जळल्या. मग मधल्या काढल्या. आत बर्फाचे गोळे. चुलीत घातल्या की सूं-सूं करून पाणी सोडायच्या आणि धूर. बाप फुंकून फुंकून खोकला, मग त्यानं एक वीट हातावर फोडली आणि आतला ओला गारठा बघितला. मग पोरीकडं बघितलं.

“मारलं न्हाई गं त्यानं… न्हाई रे बाबा,” म्हातारीची जीभ घसरली. “मारलं असतं तर बरं झालं असतं. कायच बोलला न्हाई. गवत संपलं. बाकडं जाळलं, पाळणा जाळला. तान्हा यूलियस निळा पडाय लागला. दुसऱ्या दिवशी दुपारच्याला वारं जरा पडलं तसं बानं कुऱ्हाड घेतली. दोर कमरंला बांधला आन् दुसरं टोक माझ्या हातात दिलं, दाराच्या खुंटीला येढा घालून. म्हणला सोडू नगंस. टेकडी तर दोनशे पावलावर. माघारी आला तवा काखंत झाकाण हुतं.”

खुराड्याकडून कोंबड्या कलकलल्या. म्हातारीनं तिकडं बघितलं नाही.

“चुलीत मीच घातलं. आई यूलियसला छातीशी धरून बसलेली, तिनं तोंड फिरवलं. सुकं अक्रोडाचं लाकूड, रंग दिलेलं. असं काय पेटलं म्हणून सांगू. नावाची अक्षरं शेवटाला जळली, आधी लाल झाली, मला वाचता येत हुती. त्या रात्री घर ऊबदार झालं. आईनं त्याच जाळावर पेज शिजवली. मी खाल्ली. दोन वाडगं खाल्लं, राइनहोल्ड. भूक लागली हुती.”

“मग तुझ्या बानं सांगितलं का न्हाई?” राइनहोल्डचा आवाज फाटला. “माझ्या बानं काय केलं असतं? फळी मागितली असती तर त्यानंच कुऱ्हाड घेतली असती. जित्या पोरासाठी!”

“व्हय. आता कळतंय ते. तवा बा प्रार्थनेच्या मंडळीचा म्होरक्या हुता. मेल्याचं लाकूड चोरणाऱ्याला कोण बायबल वाचू देतंय? एप्रिलमधी बर्फ वितळलं. फळीचं खोड जमिनीत तसंच, वर कुऱ्हाडीचा घाव दिसत हुता. बानं ते उपसलं, खड्डा बुजवला, उंचवटा सपाट केला आन् वर गवताची ढेकळं बसवली. आन् तुझा बा आला तवा म्हणला, वादळानं नेली.”

“आन् तू?”

हा प्रश्न येणार हे तिला चौसष्ट वर्षं ठाऊक असावं. तिनं एप्रनच्या टोकानं नाक पुसलं.

“काकू म्हणली, लाकडाची फळी हाय, कुठंतरी वढ्यावगळीत अडकली असंल. पंधरा दिवस हुडकीत हुती. एकटी कशी जाईल म्हणून आईनं मला सोबत धाडलं. तिचा हात धरून मी पंधरा दिवस हिंडले रे. ती म्हणायची, ओटिलिया, तुजं डोळं बारीक हायती, तिकडं काळं दिसतंय ते बग. मी पळत जायची, बगायची, आन् माघारी येऊन म्हणायची, न्हाई काकू, शेण हाय. शेवटच्या दिशी तिनं मला जवळ घेतलं. तिच्याकडं मधाचा एक केक उरलेला, तो सगळा मला दिला. म्हणली, माझ्या लिडियासाठी तुझ्याइतकं कुणी केलं न्हाई.”

राइनहोल्ड उठला. चार पावलं गेला, परत आला. बुटाला शेण लागलं ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

“तुला म्हाईत हाय का आक्का, आमच्या घरात काय झालं त्येच्यापायी?” तो म्हणाला. “आई जलमभर बाला एकच टोमणा मारायची. तू खोल गाडली न्हाईस. दार कुरकुरलं, खोल गाडली न्हाईस. द्राक्षाचा खांब कलला, तर मजुरांम्होरं, ह्यांना सांगू नका, ह्यांचा हात खोल जात न्हाई. बा म्हणायचा, सालोमे, मांडीइतकी खोल गाडली हुती गं. ती म्हणायची, मग वारं काय जमीन खणतंय? म्हातारपणी बाच म्हणाय लागला, नसंल गाडली खोल. मरताना बी त्योच म्हणत हुता. नसंल गाडली खोल.”

हे ओटिलियाला ठाऊक नव्हतं. एवढ्या वर्षांत तिनं स्वतःच्या पापाची लांबी-रुंदी मोजली होती, पण ते कॅलिफोर्नियापर्यंत पोचलंय, एका माणसाच्या ताटापाशी रोज बसतंय, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तिची मान खाली गेली ती गेलीच. हातातला विटेचा तुकडा तिनं इतका दाबला की त्याचा भुगा झाला.

“मला जागा म्हाईत हाय,” ती जमिनीकडं बघतच म्हणाली. “चल.”

“काय?”

“दुसऱ्या दिशी राखंत दोन बिजागऱ्या घावल्या. बानं एक ठिवली, लोखंड कोण टाकतंय? दुसरी मी चोरली. बा फळीचं खोड उपसून ढेकळं आणाय गेला, तवा मी ती त्या भोकात टाकली आन् पायानं माती लोटली. म्हटलं, निदान तिला तरी म्हाईत असावं आपुन कुठं हाय ते.” ती हातांवर जोर देऊन उठायला लागली. राइनहोल्डनं हात पुढं केला नाही. आल्मा धावत आली, तिनं उठवलं.

“काय झालं? कुठं चाललाय? जेवाण झालंय! बटाट्याचं स्ट्रूडल वाफंवर हाय, झाकाण काढलं तर बसंल ते.”

“बसू दे,” म्हातारी म्हणाली आणि विटा कापायचं फावडं खांद्यावर घेऊन चालायला लागली.

टेकडीवर एक मोठा दुभंगलेला दगड आहे. मेंढरं अंग घासून घासून त्याची एक बाजू तुळतुळीत झालेली. त्याला पाठ लावून ओटिलिया उगवतीकडं तोंड करून उभी राहिली.

“अकरा पावलं मोजली हुती. पर ती लेकराची. आता माझी आठ होत्यात. दर वरसाला मोजतीया मी.”

ती आठ पावलं चालली, फावड्याच्या टोकानं गवतावर चौकोन आखला आणि बाजूला झाली. राइनहोल्डनं सदऱ्याच्या बाह्या सारल्या. माती कडक होती, वर गवताच्या मुळ्या चामड्यासारख्या. वीतभर गेला, काही नाही. हातभर गेला, काही नाही. घामानं सदरा पाठीला चिकटला. दीड हातावर फावडं खणखणलं. दगड असंल म्हणून त्यानं हात घातला आणि गंजाचा एक लांबट गोळा वर काढला. अंगठ्यानं चोळला. माती गळून पडली तसं टोकाला तीन पाकळ्यांचं फूल दिसलं.

तो खड्ड्याच्या काठावर बसला. मग बिजागरी होती तिथंवर हात खड्ड्यात सोडून त्यानं बघितलं. खांद्याच्या जवळपास हात गेला.

“मांडीइतकी खोल,” तो म्हणाला. “खरं बोलत हुता म्हातारा. बग. मांडीइतकीच.”

ओटिलिया बघत नव्हती. ती पाठ करून उभी होती.

खाली जाऊन त्यानं मोटार टेकडीच्या पायथ्याशी आणली, घोंगडी सोडली आणि दगड वर न्यायची वेळ आली. एकट्यानं न्यायचं वजन नव्हतं ते. ओटिलिया पुढं झाली, दुसरी बाजू धरायला वाकली.

“ऱ्हाऊ दे,” राइनहोल्ड म्हणाला. “मी नेतो.”

तिनं हात मागं घेतले. तो धापा टाकत, तीनदा थांबत दगड वर घेऊन गेला. ती हात एप्रनमध्ये गुंडाळून मागनं गेली, दहा पावलं अंतर ठेवून. त्यानं बिजागरी परत होती तिथं ठेवली, माती लोटली, दगड बसवला, चारी बाजूंनी माती पायानं दाबली. सरळ बसलाय का ते लांबून बघितलं. मग दोन्ही हातांनी हलवून बघितला. हलला नाही. पुन्हा हलवून बघितला.

मग दुभंगलेल्या दगडाला टेकून त्यानं वही उघडली, क्रिस्टियानकाकांच्या त्या ओळींवर आडवी रेघ ओढली.

“इथं काय लिवू?”

“झालं तसं लिव.”

“तुझ्या बाचं नाव?”

“आधी माझं लिव. मग बाचं. विटा मी उलटल्या न्हाईत. त्यानं कुऱ्हाड नंतर घेतली.”

त्यानं उभ्याउभ्या काहीतरी लिहिलं. एक ओळ की चार, तिला दिसलं नाही, तिनं विचारलंही नाही.

खाली अंगणात आल्मा दारात उभी होती, हातात बटाट्याच्या स्ट्रूडलचं, म्हणजे वाफवलेल्या कणकेच्या वळकट्यांचं, ताट. आमच्यात पाहुणा उपाशी गेला तर त्या घराचं काहीतरी चुकलंय असं समजतात. चुकलं नसेल तर लोक शोधून काढतात.

“हात धुवा, मामा. सकाळधरनं नुस्त्या बियांवर हाईसा.”

“भूक न्हाई, सूनबाई.”

“येवढंसं तरी घ्या! सासूबाई, तुमी सांगा की!”

सासूबाई विटांच्या ओळीकडं बघत होत्या. आल्मानं एकदा हिच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघितलं आणि ताट घेऊन आत गेली. आतून भांडं जरा जोरात आपटल्याचा आवाज आला.

“दुसरी कुठं हाय?” राइनहोल्डनं विचारलं.

म्हातारीनं हनुवटीनं खुराड्याकडं दाखवलं. “बानं पैल्या खुराड्याला मारली. ते पडलं तवा मी दुसऱ्याला. हे तिसरं. नवरा म्हणायचा, नवी आण की दोन सेंटाची. मी आणली न्हाई. रोज सकाळी उघडताना आवाज होतो, तेवढाच.”

राइनहोल्डनं मोटारीतून पेचकस आणला. स्क्रू गंजलेले होते, एक तुटला, बाकीचे रडतखडत निघाले. खालची साधी बिजागरी तशीच राहिली, वरची त्याच्या हातात आली. चौसष्ट वर्षं कोंबड्यांचं दार उघडून झाकून तिचं फूल घासून चकचकीत झालं होतं. त्यानं ती रुमालात गुंडाळली आणि खिशात घातली. दार एका अंगाला लोंबकळलं, त्या फटीतून एक कोंबडी मान बाहेर काढून बघायला लागली.

तो मोटारीत बसला. ओटिलिया हाताच्या अंतरावर उभी होती, म्हणजे त्यानं हात दिला असता तर पोचला असता. त्यानं दिला नाही. किल्ली फिरवली, आणि मग काच खाली करून त्यानं पश्चिमेकडं बघितलं. तिकडं ढगांची काळी पट्टी चढत होती.

“पाऊस यील,” तो म्हणाला. “तुझ्या विटा उलट.”

मोटार गेली. धूळ बसायला वेळ लागला. ओटिलियानं खुराड्यापाशी जाऊन दार उचलून चौकटीला लावलं, तारेचा तुकडा शोधून वरच्या भोकातून दोन वेढे घातले आणि पीळ दिला. उघडून बघितलं. आता आवाज येत नव्हता.

मग ती अंगणात परत आली, पालथ्या बादलीशेजारचा बियांचा वाडगा बाजूला ठेवला आणि उरलेल्या ओळीतली पहिली वीट उलटली. बोट घालून बघितलं. दुसरी उलटली. बोट घालून बघितलं.